३२ पानांच्या म्हशीचा दीड तासाचा सिनेमा

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात हौशी नाटकं बसवणाऱ्या दोघांना एका चित्रमय बालपुस्तकावर कौटुंबिक विनोदी चित्रपट करायचा आहे, खऱ्या माणसांचा आणि खऱ्या म्हशीचा. मजकूर खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा, चित्रं कोल्हापूरच्या एका चित्रकाराची. पुस्तक दहा मिनिटांत वाचून होतं, मग दीड तास कसा भरायचा? चित्रातली म्हैस पानागणिक मोठी होत जाते, ते पडद्यावर कसं दाखवायचं? परवानग्या कुठल्या लागतात? आणि लेखिका ‘करा की’ म्हणाल्यात, तेवढं पुरतं का? सोबत पुस्तक आणि पटकथेचा पहिला खर्डा जोडला आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देऊन ठेवतो: नाही. त्याकडं नंतर येऊ. आधी पुस्तक, कारण खर्डा वाचून मला वाटलं की पुस्तक कशामुळं हसवतं ते तुम्ही अजून नीट पाहिलेलं नाही.

ज्यांनी पुस्तक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. जांबोटीकडचं एक गाव, मुसळधार पाऊस, गोठ्याची मातीची भिंत खचते. आजी म्हशीला सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, आणून बांधते, ‘एका रात्रीपुरती’. म्हैस जात नाही. प्रत्येक चित्रात ती आधीपेक्षा मोठी दिसते, घरातली चौघं कोपऱ्यात सरकत जातात. शेवटच्या चित्रात आजी, आई, बाबा आणि नातू दुरुस्त केलेल्या गोठ्यात ओळीनं झोपलेत आणि म्हैस घराच्या दारातून बाहेर बघतेय. खाली एकच ओळ: ‘आता सगळ्यांना नीट जागा झाली.’

या ओळीत विनोद नाही, चित्रातही फारसा नाही. ओळ एक बोलते आणि चित्र दुसरंच दाखवतं, हसू येतं ते त्या दोहोंच्या मधून. चांगलं चित्रपुस्तक सगळं याच फटीवर चालतं. सहाव्या-सातव्या पानावर मजकूर आहे, ‘आजी म्हणाली, एकाच रात्रीचा प्रश्न आहे.’ चित्रात आजी भल्यामोठ्या दगडानं सोप्याच्या जमिनीत खुंटी ठोकतेय. पुढं ‘बाबांना गाढ झोप लागली’ असं लिहिलंय आणि चित्रात बाबा टक्क जागे, तोंडावर म्हशीची शेपटी. ऐकणाऱ्या मुलाला वाचून दाखवणाऱ्यापेक्षा जास्त कळलेलं असतं, आणि त्याचा त्याला कोण आनंद!

आता तुमचा खर्डा. पहिल्याच सीनमध्ये नातवाचा व्हॉइसओव्हर येतो: ‘आजीनं खुंटी ठोकली आणि मला कळलं, म्हैस आता जाणार नाही.’ मेला विनोद. चित्र जे दाखवत होतं तेच तुम्ही बोलून टाकलंत, फट बुजली. पुस्तकातला मजकूर निवेदकाच्या तोंडी घालणं ही सगळ्यात सोपी युक्ती, म्हणूनच सगळ्यात आधी टाळायची. तो सीन असा लिहून बघा: आजी खुंटी ठोकतेय. बाबा कंदील धरून उभे. प्रत्येक घावाबरोबर आजी म्हणतेय, ‘एकाच रात्रीचा प्रश्न आहे रे.’ बाबा मान डोलावतात आणि कंदील जरा जवळ नेतात, तिला नीट दिसावं म्हणून. ‘मग खुंटी कशाला?’ असं विचारायचा मोह बाबांना होता कामा नये. तो प्रश्न प्रेक्षकातल्या सहा वर्षांच्या पोरानं मोठ्यानं विचारायचा असतो.

पूर्ण पटकथा याच चाळणीतून काढा. प्रत्येक सीनला विचारा, कोण काय म्हणतंय आणि आपल्याला दिसतंय काय? दोन्ही एकच असेल तर तो सीन विनोदी नाही, नुसती माहिती आहे. माहिती लागते कधीकधी, पण तुमच्या खर्ड्यात तीच जास्त आहे.

दुसरी गोष्ट पान उलटण्याची. उजव्या पानावर आई विचारते, ‘दुधाचं पातेलं कुठाय?’ आणि पान उलटल्यावर ते म्हशीच्या तोंडावर अडकलेलं दिसतं. उलटण्यात जो क्षण जातो, त्यात मूल अंदाज बांधतं. सिनेमात या जागी कट येतो असं सगळे म्हणतात. खरं आहे, पण कट प्रेक्षकाच्या हातात नसतो आणि तो फार पटकन होतो. तुमच्याकडं त्याहून चांगली चीज आहे: दार. सोपा आणि माजघर यांच्यामध्ये एक दार ठेवा, जरा करकरणारं, आणि घरातला प्रत्येक मोठा गौप्यस्फोट त्या दारातून होऊ द्या. माजघरातून आवाज ऐकू येतो, आई हात पुसत दाराकडं जाते, दार ढकलते, आणि मग आपल्याला दिसतं. दाराला किती वेळ लागावा हे नटाच्या हातात राहतं, म्हणजे विनोदाची वेळ सेटवर साधता येते, एडिटिंगच्या टेबलावर शोधत बसावं लागत नाही. तुम्ही नाटकवाले आहात, हे तुम्हाला जमेल. बाकीच्यांना शिकवावं लागतं.

चित्रकारानं प्रत्येक चित्रात कुठंतरी एक कोंबडी लपवलीय, ते पाहिलंत का? मुलं ती शोधत बसतात, मागची पानं चाळतात. सिनेमात मागं जाता येत नाही, म्हणून अशी गंमत ठेवायची तर स्थिर, रुंद शॉट जरा जास्त वेळ धरून ठेवावा लागतो. कॅमेऱ्यानं कोंबडीकडं वळून बघायचं नाही, नटांनीही नाही. आणि खुडूक कोंबडी शोधा, ती बसली की हलत नाही, कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याचे आशीर्वाद मिळतील.

आता म्हशीचं मोठं होणं. खर्ड्यात ‘व्हीएफएक्सनं म्हैस वाढवणे’ असं लिहिलंय. खर्च बाजूला ठेवला तरी ते चुकीचंच आहे. संगणकानं फुगवलेली म्हैस दिसली की गोष्ट जादूची होते, आणि ही गोष्ट जादूची नाही. ही घरात जागा कमी पडल्याची गोष्ट आहे, आणि ते आपल्याकडं घराघरात माहीत असतं. म्हैस आहे तेवढीच राहू द्या. घर लहान करा.

कसं करायचं ते सांगतो. सुरुवातीला सोपा जवळजवळ रिकामा असावा. कॅमेरा वर, कोपऱ्यात, वाइड लेन्स, दोन्ही दारं उघडी, भरपूर उजेड, म्हैस लांब भिंतीशी. मग पाऊस वाढतो आणि गोठ्यातलं एकेक सामान आत यायला लागतं: वैरण, कडबा, आंबोणाचं घमेलं, सरपण, भाताची पोती. याला कारण शोधावं लागत नाही, पावसाळ्यात खानापूरकडं हे होतंच. खिडक्यांना प्लास्टिक बांधलं जातं, उजेड कमी होतो. कॅमेरा खाली येतो, म्हशीच्या पोटाच्या उंचीला, लेन्स लांब होत जाते, त्यामुळं मागची माणसं आणि पुढची म्हैस एकमेकांवर चिकटल्यासारखी दिसतात. फ्रेममध्ये आढं आणि वासे येऊ द्या, छत डोक्यावर आल्यासारखं वाटतं. आणि आवाज! रवंथ, श्वास, शेपटीचा फटका, हे मिक्सिंगमध्ये हळूहळू वाढवा. शेवटच्या अर्ध्या तासात म्हैस फ्रेममध्ये नसली तरी तिचा श्वास ऐकू आला पाहिजे. पडद्यावर दिसत नसलेली म्हैस सगळ्यात मोठी असते.

नटांच्या चालीतही हे उतरवा. आईचा रोजचा एक रस्ता ठरवा, बाहेरच्या दारापासून चुलीपर्यंत. पहिल्या दिवशी ती सरळ जाते. मग वळसा घालून. मग पोत्यांवरून. शेवटी खिडकीतून आत येते, हातात कळशी, चेहऱ्यावर काहीच झालं नसल्याचा भाव. हा एकच प्रवास पाच-सहा वेळा दाखवलात तर मोठं होत जाणाऱ्या म्हशीचं पुस्तकातलं काम झालं.

यासाठी आतलं घर सेट म्हणून बांधावं लागेल. बाहेरची दृश्यं खऱ्या गावात करा, पण खऱ्या कौलारू घरातल्या सोप्यात म्हैस, नट, कॅमेरा आणि लाइटमन मावणार नाहीत. खानापूरकडं एखादी जुनी भातगिरणी किंवा कौलांच्या कारखान्याची बंद शेड भाड्यानं मिळते का बघा. भिंती सरकवता येतील अशा करा, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी त्या वीतभर आत घेता येतील. प्रेक्षकाला कळत नाही, पण गुदमरल्यासारखं होतं.

आता दीड तास. ३२ पानं म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे. मुखपृष्ठानंतरची नावाची, श्रेयाची पानं वजा केली की गोष्टीला जेमतेम तेरा-चौदा जोडपानं उरतात. त्यातून पूर्ण चित्रपट करायचा म्हटल्यावर सगळे एकच करतात, बाहेरून खलनायक आणतात. तुम्हीही आणलाय, म्हशीवर डोळा ठेवणारा सावकार. तो काढा. सावकार आला की कुटुंब एक होतं, त्याच्याविरुद्ध उभं राहतं, आणि घरातली गंमत संपते. शिवाय सावकाराला हरवल्यावर चित्रपट संपतो, आणि तुमच्या पुस्तकाचा शेवट तर कुणीही न हरता होतो.

१९७२ साली निघालेलं ‘अलेक्झांडर अँड द टेरिबल, हॉरिबल, नो गुड, व्हेरी बॅड डे’ हे चित्रपुस्तक एका मुलाच्या एका वाईट दिवसाचं आहे. २०१४ मध्ये डिस्नेनं त्याचा चित्रपट केला तेव्हा तो वाईट दिवस आई, बाबा, भाऊ, बहीण अशा सगळ्यांच्या वाट्याला दिला. चित्रपट थोर आहे असं मी म्हणणार नाही, पण ही युक्ती शिकण्यासारखी आहे: बाहेरून नवं काही न आणता पुस्तकातली एकच अडचण घरभर वाटून टाकायची.

तुमच्याकडं चार माणसं आहेत, पुस्तकात त्यांना हवंय काय ते कुठंच सांगितलेलं नाही. तिथं तुमची जागा आहे. समजा बाबांची बेळगावात बदली झालीय आणि त्यांना घर बंद करून वडगाव-अनगोळकडं भाड्यानं जायचंय, पण आजीला सांगायचं धाडस होत नाही. आईला तिच्या माहेरच्या पाहुण्यांपुढं घर नीटनेटकं दाखवायचंय, आणि ते याच आठवड्यात येणार आहेत. नातवाला शहरात जायचंच नाही. आणि आजीला हे सगळं आधीपासून माहीत आहे. आता बघा, म्हैस घरात बांधण्यामागं पाऊस हे फक्त निमित्त राहतं. आजी एकदाही ‘मी घर सोडणार नाही’ असं म्हणत नाही. ती खुंटी ठोकते. पुस्तकातली तीच खुंटी, तेच वाक्य, पण आता दीड तास टिकेल इतकं वजन त्यात आलंय. हेच घ्या असं नाही, पण असंच काहीतरी, घरातून निघणारं शोधा.

मोठ्यांनाही हसू यावं म्हणून खर्ड्यात काही चावट कोट्या टाकल्यात. त्या नकोत. २००३ चा ‘द कॅट इन द हॅट’ अशाच विनोदांसाठी झोडपला गेला. मूळ लेखक-चित्रकार डॉ. स्यूस तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या पत्नीनं त्या चित्रपटानंतर जिवंत नटांच्या चित्रपटांना हक्क देणंच बंद केलं. मोठे हसतील ते बाबांच्या भित्रेपणाला. तो त्यांच्या घरचाच असतो.

नट पुस्तकातल्या चित्रांसारखे दिसायला हवेत का, असंही विचारलंय. नाही. ‘चिंटू’ची चित्रमालिका १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येत होती, २०१२ मध्ये चित्रपट आला तेव्हा प्रत्येक वाचकाच्या डोक्यात एक ठरलेला चेहरा होता. तुमच्या पुस्तकावर तसलं ओझं नाही. मुलगा शाळेच्या गॅदरिंगमधून शोधा, पुण्याहून आणू नका, त्याचं कारण भाषा.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला बेळगावी मराठी म्हटलं की पु. लं.चे रावसाहेब आठवतात. ती ऐट वेगळ्या माणसाची, वेगळ्या काळाची आणि शहरातली आहे. तुमच्या घरात प्रत्येक वाक्याला ‘की’ आणि ‘बे’ चिकटवून हशा मिळवायला गेलात तर बोलीच विनोदाचा विषय होईल, आणि इथला प्रेक्षक ते क्षणात ओळखतो. नातू आजीला ‘काय करूलालास?’ असं सहज विचारू दे, त्यावर कुणी हसायची वाट बघत थांबू नका.

आणि तो कन्नड बोलणारा गुरांचा डॉक्टर. खर्ड्यात तो विदूषक झालाय. सीमाभागात कन्नड माणसाला मूर्ख दाखवून मराठी प्रेक्षकाला हसवणं सोपं आहे, उलटही तितकंच सोपं आहे, आणि दोन्ही आळशीपणाची लक्षणं. उलट त्या घरात शहाणा तो एकटाच असू दे. तो म्हशीला तपासतो आणि म्हणतो, ‘एम्मी चलो ऐत्री, होरग कट्री.’ म्हैस ठणठणीत आहे, बाहेर बांधा. दुभाषा नातू. त्याला म्हैस घरातच हवी, म्हणून तो गंभीर चेहऱ्यानं आजीला सांगतो, ‘डॉक्टर म्हणूलालेत, हिला वारं लागू देऊ नका.’ डॉक्टरला मराठी कळतं, तो पोराकडं बघतो. काही बोलत नाही, बॅग आवरतो. आणि आजी? आयुष्यभर बेळगावच्या बाजारात दूध-लोणी विकलेली बाई, तिला कन्नड येत नसेल? पण ते गुपित शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत राखून ठेवा. कन्नड संवादांना सबटायटल द्यायचं की नाही यावर भांडणं होतील. माझं मत, या सीनमध्ये देऊ नका. निम्मं थिएटर आधी हसेल, उरलेलं डॉक्टरचा चेहरा बघून.

आता प्राणी. पुस्तकाच्या मध्यावर छपरावर माकड आहे. ते विसरा. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळ करणारे प्राणी म्हणून वापरायला बंदी आहे, चित्रपटातही. पण माकडाचं काम कौलं करू शकतात: वरून धावण्याचा आवाज, एक कौल सरकतं, पाण्याची धार बरोबर बाबांच्या ताटात. माकड दिसायची गरजच नाही.

म्हशीसाठी २००१ च्या नियमांप्रमाणं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. मंडळाचं कार्यालय हरियाणात बल्लभगडला आहे. शूटिंगनंतर त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, ते नसेल तर सेन्सॉरकडं अर्ज पुढं सरकत नाही. म्हशीचं पशुवैद्यकाकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्या. सीनमध्ये ती काय करणार हे अर्जात स्पष्ट लिहा, आणि नंतर सेटवर तेवढंच करा. गुंगीचं औषध देता येत नाही. गुळगुळीत फरशीवर घसरू नये अशा मॅट घातल्याशिवाय उभं करता येत नाही, त्यामुळं सेटची जमीन शेणानं सारवलेली ठेवा, शहाबादी नको. कोंबडीही या हिशेबात धरा, ती प्राणीच आहे.

कागदांपलीकडचं जास्त महत्त्वाचं. चित्रकारानं काढलीय ती पंढरपुरी म्हैस, मागं खांद्यापर्यंत गेलेली तलवारीसारखी लांब शिंगं. चित्रात सुंदर दिसते, पण दाराच्या चौकटीत आणि लहान मुलाच्या शेजारी ती शिंगं धोक्याची. आखूड, वळलेल्या शिंगांची मुऱ्हा घ्या. चारशे-पाचशे किलोचं जनावर आहे, नुसतं वळलं तरी माणूस भिंतीला चेपतो. मुलगा आणि म्हैस एका फ्रेममध्ये असताना कासरा नेहमीच्या गवळ्याच्याच हातात, तो फ्रेमबाहेर बसलेला. म्हशीला घाम कमी येतो आणि कातडी काळी, तापलेल्या दिव्यांखाली ती लवकर धापा टाकते. एलईडी वापरा, शूटिंग सकाळी लवकर ठेवा, दुपारी तिला डुंबायला सोडा. धारेची वेळ मोडू नका. अनोळखी हाताला ती पान्हा चोरते, म्हणून आजी करणाऱ्या बाईंनी महिनाभर आधीपासून रोज तिचं वैरण-पाणी करावं. शांत बसलेली म्हैस हवी असेल तर खाऊन झाल्यावर थांबा, ती आपोआप बसून रवंथ करते. बाकी दिग्दर्शन तिला कळत नाही.

मुलाचे नियम कडक आहेत आणि ते पाळण्यासारखे आहेत. बालमजुरी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या उत्पन्नापैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जाते. शाळा बुडता कामा नये. मुलाची स्वतःची तयारी हवी, आई-वडिलांची संमती पुरत नाही. परवानगी जिथं शूटिंग आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची, म्हणजे तुमच्यासाठी बेळगावचं डीसी ऑफिस. चंदगड तालुक्यात एखादा सीन करायचा ठरवलात तर तो कोल्हापूर जिल्हा, तिथली परवानगी वेगळी. एका नदीपलीकडच्या दोन दिवसांसाठी दुसरी फाइल उघडण्यापेक्षा इकडंच घाट शोधा. सुट्ट्यांचाही असाच घोळ: कर्नाटकातल्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रातल्यांना दिवाळीला. नातू इकडचा आणि त्याचा मित्र तिकडचा घेतलात तर दोघं एकाच वेळी मोकळे सापडायचे नाहीत.

दसऱ्याची सुट्टी तुम्हाला दुसऱ्या कारणानंही सोयीची. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस असा असतो की कॅमेरा बाहेर काढता येत नाही, आणि गंमत म्हणजे खरा पाऊस मागून प्रकाश असल्याशिवाय पडद्यावर नीट दिसतही नाही. ऑक्टोबरात रान हिरवं असतं, ओढे वाहत असतात, आकाश बऱ्यापैकी उघडलेलं असतं. पाऊस टँकरनं पाडा, मागून लाइट मारा.

चित्रात आजोबांच्या फोटोखाली तंबाखूची चंची टांगलेली आहे, आणि खर्ड्यात आजी त्यातली चिमूट तोंडात टाकते. निपाणी जवळ आहे, खरंही वाटतं, पण पडद्यावर तंबाखू दिसली की सुरुवातीला आणि मध्ये आरोग्याच्या सूचना, त्या दृश्यात खाली इशाऱ्याची पट्टी, आणि वर त्या दृश्याची गरज सेन्सॉरपुढं पटवून द्यायची. मुलांच्या चित्रपटात कशाला? आजीच्या हातात अडकित्ता द्या. सुपारी कातरण्याचा आवाज तिच्या गप्प बसण्याला शोभेलही. प्रमाणपत्र ‘यू’, म्हणजे सगळ्या वयांसाठीचं, मिळवायचं डोक्यात ठेवूनच लिहा. २०२४ पासून ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, पण तुमच्या गोष्टीत त्या वाटेला जाण्यासारखं काही नाही.

आता हक्क. मजकूर ही एक कलाकृती आणि चित्रं ही दुसरी. लेखिकेच्या ‘करा की’मध्ये चित्रकार येत नाही. शिवाय दोघांनी प्रकाशकाला काय लिहून दिलंय ते बघितल्याशिवाय ‘करा की’ म्हणायचा अधिकार लेखिकेकडं आहे का, तेही कळत नाही. आधी तो करार मागवा. त्यात चित्रपटाचे हक्क प्रकाशकाकडं गेले असतील तर बोलणी तिथं. नसतील तर लेखिका आणि चित्रकार दोघांशी वेगवेगळा लेखी करार, सह्यांसकट. तुम्ही चित्रं हुबेहूब वापरणार नसलात तरी म्हशीचं रूप, घर, ती खुंटी, तो शेवट, सगळं चित्रकाराचं आहे. माझ्या मते या पुस्तकात निम्म्याहून जास्त विनोद त्याचाच आहे, मोबदलाही त्या मानानं ठरवा. पोस्टरवर त्याचं चित्र हवं असेल तर ते करारात वेगळं घाला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या तीन गोष्टी वकिलाला विचाराच. मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांसाठीच मिळाले असं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरते, मग परदेशातल्या महोत्सवांचं आणि ओटीटीचं काय ते बघा. आणि हक्क घेतल्यावर वर्षभरात वापरले नाहीत, आणि करारात तसं वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते गळून पडतात. चित्रपटाला वर्ष म्हणजे नुसती पैशाची जुळवाजुळव. तेव्हा किमान तीन वर्षं स्पष्ट लिहून घ्या, आणि मुदत वाढवायची अटही.

करार हातात आल्यावर दुसरा खर्डा पाठवा, वाचतो. सावकार मात्र त्यात नको.